सावित्रीच्या मुखापासून चवदार तळ्यापर्यंत

नाताळच्या सुट्टीत आमच्या विद्यार्थ्यांचे शिबिर रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर भरले. चार दिवस तंबूत मुक्काम होता. निघण्यापूर्वी काही पालकांनी विचारले होते, "सोलापूरच्या मुलांनी समुद्र पाहून काय शिकायचे?" प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेख हे त्याचे उत्तर होय.

केवळ स्थळे पाहून परत येऊ नये, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या वहीत तीन प्रश्न लिहून दिले होते. हे कोणी घडविले? त्याचा खर्च कोणी दिला? येथे येण्यास कोणाला मज्जाव होता?

पहिला मुक्काम राजपुरीच्या खाडीलगत कुडे येथे झाला. येथील डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नोंद आहे. त्यांत माळी आहे, वैद्याच्या कुळातील माणूस आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. राजाच्या खजिन्याबरोबरच कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानातून ही लेणी उभी राहिली. घाटावरचा कऱ्हाडचा माणूस खाडीकाठी दान देतो, याचाच अर्थ घाट आणि किनारा यांच्यात वर्दळ होती. आपला भागही त्या वर्दळीबाहेर नव्हता. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' नगराचा उल्लेख येतो. तगर म्हणजे बार्शीपलीकडचे आपले तेर. तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई आणि किनाऱ्याकडील मालही तेथे येई. ज्यांच्या घरी आजही माग चालतो, त्या मुलांना हे ऐकून समुद्र एकदम जवळचा वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हरिहरेश्वरला पोहोचलो. बहुतेकांचे हे पहिलेच समुद्रदर्शन होते. काळ्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा पाहून मुले काही काळ बोलेनाशी झाली. मंगळवेढा तालुक्यातील एका विद्यार्थिनीने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकले. "एवढे पाणी, आणि घोटभरही पिता येत नाही!" ती म्हणाली. तिच्या गावी उन्हाळ्यात टँकर येतो.

हरिहरेश्वरजवळच सावित्री नदी समुद्राला मिळते. बागमांडल्याहून जंगल जेटीने खाडी ओलांडून आम्ही मंडणगड तालुक्यात शिरलो. आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी वंदन करून दासगाव गाठले. हे सावित्रीवरील जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले आणि येथे उतरले. जलमार्ग निवडण्यास कारण होते. मोटारमालकांनी ऐनवेळी नेण्यास नकार दिला, तरी दासगावहून महाड पाच मैलांवर होते आणि पायी जाता येत होते. दृश्य म्हणून पाहिलेली खाडी येथे मुलांना चळवळीची वाट म्हणून दिसली.

अखेरीस आम्ही चवदार तळ्यावर पोहोचलो. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने हे तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही अस्पृश्यांना पाणी घेऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह येथील पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा पाणी घेण्याचा सत्याग्रह न्यायालयाच्या मनाईमुळे स्थगित झाला, मात्र २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयीन लढाईचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास मार्च १९३७ उजाडावा लागला.

तळ्याच्या पायऱ्यांवर त्याच विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथे तर पाऊस भरपूर पडतो. मग पाणी का दिले नाही?" आमच्या मते संपूर्ण शिबिराचे सार या प्रश्नात होते. मंगळवेढ्याची टंचाई पावसाची आहे, समुद्राचे पाणी निसर्गतःच खारट आहे. महाडला मात्र पाऊस उदंड, तळे भरलेले, पाणी पिण्याजोगे होते. येथील तहान माणसांनी निर्माण केली होती. निसर्गाने दिलेली अडचण आणि माणसाने घातलेली अडवणूक यांतील भेद ओळखणे, हाच इतिहासाचा पहिला पाठ होय. पहिलीवर उपाय शोधावा लागतो, तर दुसरीविरुद्ध संघर्ष करावा लागतो.

परतल्यावर आम्ही वह्या तपासल्या. हरिहरेश्वरच्या समुद्रापुढे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने लिहिले होते, 'कोणालाही नाही'. चवदार तळ्यापुढे लिहिले होते, 'ठरावाप्रमाणे कोणालाही नाही. प्रत्यक्षात आम्हाला.' शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेला तिने 'त्यांना' न लिहिता 'आम्हाला' लिहिले. पालकांच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही.