विद्यापीठाची नियमपुस्तिका : अद्ययावत ठेवण्याचे काम

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कामानिमित्त तासभर बसण्याचा योग आला होता. दूरच्या तालुक्यातून एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली होती. एका विषयात ती थोडक्या गुणांनी अनुत्तीर्ण झाली होती आणि त्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत तिला हवी होती. टेबलावरील लिपिकाने विभागाची नियमपुस्तिका उघडली आणि तपासलेली उत्तरपत्रिका कोणासही दाखविता येत नाही, असा परिच्छेद वडिलांपुढे धरला. "काका, पुस्तकातच तसे लिहिले आहे, माझ्या हातात काही नाही," असे तो सौजन्याने म्हणाला. बापलेक परत निघाले.

लिपिक खोटे बोलत नव्हता. पुस्तिकेवर विद्यापीठाची मुद्रा होती आणि परिच्छेदही जसा त्याने वाचला तसाच होता. मात्र ती पुस्तिका २०११ पूर्वीची होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत मिळविण्याचा हक्क आहे. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर छायाप्रतीचे अर्ज रीतसर स्वीकारले जात होते. खालच्या मजल्यावरील पुस्तिकेला त्याची वार्ता नव्हती. कोणीतरी बोलावून आणल्यामुळे ते दोघे जिन्यावरून मागे फिरले, म्हणून त्यांचा फेरा वाचला. असे कितीजण मागे फिरत नसतील, हा विचार तेव्हापासून मनात आहे.

नियमपुस्तिका म्हणजे नेमके काय, येथूनच आरंभ केला पाहिजे, कारण पुष्कळसा गोंधळ याच ठिकाणी होतो. नियमपुस्तिकेला स्वतःचे असे कायदेशीर बळ नसते. ते असते मूळ तरतुदींना. महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांपुरते बोलावयाचे तर सर्वांत वर विधानमंडळाने केलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आहे. तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. त्याखाली परिनियम, त्याखाली अध्यादेश, त्याखाली विनियम अशी उतरंड असते. परिनियमांस कुलपतींची मान्यता लागते. अध्यादेश करण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेकडे असतो. तातडीच्या प्रसंगी कुलगुरू निदेश काढू शकतात. तो विषय पुढे यथावकाश संबंधित प्राधिकरणासमोर ठेवावयाचा असतो. शेवटी येतात ती परिपत्रके. या साऱ्यांचे कामाच्या सोयीने केलेले संकलन म्हणजे नियमपुस्तिका. मूळ तरतूद आणि पुस्तिका यांत तफावत आढळली तर मूळ तरतूद खरी धरावयाची. हे सर्वांना तत्त्वतः ठाऊक असते. परंतु खिडकीपाशी मूळ तरतूद नसते, पुस्तिकाच असते, आणि निर्णय तिच्यावरून होतात.

आता या उतरंडीतील प्रत्येक पायरी आपापल्या गतीने हलत असते. मुंबई विद्यापीठाचेच पाहावे. १८५७ च्या अधिनियमाने ते स्थापन झाले. त्यानंतर १९०४ चा भारतीय विद्यापीठ अधिनियम, मग १९२८, १९५३ व १९७४ चे मुंबई विद्यापीठाचे स्वतंत्र अधिनियम, १९९४ चा महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठीचा एकत्रित अधिनियम आणि आता २०१६ चा, अशी कायद्यांची मालिका आहे. नवा कायदा आला की जुन्या कायद्याखालील परिनियम व अध्यादेश एका दिवसात नाहीसे होत नाहीत. नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे ते चालू राहतात, अशी व्यावृत्तीची तरतूद असते. ती आवश्यकच आहे; अन्यथा एका सकाळी विद्यापीठाजवळ परीक्षा घेण्याचे नियमच उरणार नाहीत. परंतु याचा दुसरा परिणाम असा होतो की, कोणता जुना नियम विसंगत आहे आणि कोणता नाही, हे ठरविण्याचे काम प्रत्येक टेबलावर येऊन पडते.

कलमांच्या क्रमांकांनी होणारी फसगत मोठी चमत्कारिक असते. १९९४ च्या अधिनियमात कुलगुरूंचे अधिकार व कर्तव्ये कलम १४ मध्ये होती. २०१६ च्या अधिनियमात ती कलम १२ मध्ये आली. जुन्या अधिनियमातील कलम १२ मात्र कुलगुरूंच्या नियुक्तीविषयी होते. एखाद्या जुन्या अध्यादेशात 'कलम १२ अन्वये' असे शब्द असतील आणि वाचणाऱ्याने नवा अधिनियम हाती घेतला, तर नियुक्तीच्या जागी अधिकार वाचले जातील. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे तत्त्व असे आहे की, निरसित कायद्याचा उल्लेख हा त्याच्या जागी आलेल्या नव्या तरतुदीचा उल्लेख समजावा. न्यायालयात हे तत्त्व उपयोगी पडते. लिपिकाला उपयोगी पडते ती साधी दोन स्तंभांची तुलनात्मक सारणी : डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे. नवा कायदा आल्यावर नियमपुस्तिकेत सर्वप्रथम घालावयाचे पान हेच असावे, असे माझे मत आहे.

पदनामांचेही असेच आहे. १९९४ च्या व्यवस्थेत परीक्षा नियंत्रक हे पद होते. २०१६ पासून परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आहेत. महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ आणि त्याचे संचालक ही व्यवस्था नव्या कायद्यात राहिली नाही. ज्या पुस्तिकेत आजही 'विकास मंडळाच्या संचालकांकडे प्रस्ताव सादर करावा' असे छापलेले असेल, ती महाविद्यालयाच्या प्राचार्यांना अस्तित्वात नसलेल्या दाराशी पाठवीत असते.

बाहेरून येणारे बदल

विद्यापीठाच्या स्वतःच्या घरातील बदलांपेक्षा बाहेरून येणारे बदल सांभाळणे अधिक कठीण जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यापक-पात्रतेविषयीचे विनियम हे याचे ठळक उदाहरण आहे. २०१० मध्ये विनियम आले. २०१३ व २०१६ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. २०१८ मध्ये ते सर्व बाजूस सारून नवे विनियम आले. त्यांत विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीस १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ही तारीख १ जुलै २०२३ अशी पुढे ढकलण्यात आली, आणि ती उजाडण्यापूर्वीच, ३० जून २०२३ च्या अधिसूचनेने ही सक्ती काढून नेट, सेट वा स्लेट ही किमान अर्हता ठरविण्यात आली.

म्हणजे २०१८ मध्ये मोठ्या कष्टाने नवी पुस्तिका छापून घेतलेल्या आस्थापना विभागाजवळ पाच वर्षांत एकाच वाक्याची तीन रूपे झाली. त्यांतले पहिलेच रूप कपाटात राहिले असेल, तर पात्र उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद होण्याचा धोका उरतो. छाननी करणारा अधिकारी प्रामाणिक असूनही हे घडू शकते, हे विशेष.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या तक्रारींबाबत विलंब याहून महाग पडतो. १९९७ च्या विशाखा निर्णयाने तक्रार समिती आली, २०१३ च्या अधिनियमाने अंतर्गत समितीची रचना कायद्याने निश्चित केली, आणि पुढे अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी विनियम केले. अधिनियमाखाली तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करावयाची असते. पुस्तिकेत जुन्या समितीचा पत्ता आणि निवृत्त झालेल्या सदस्यांची नावे असतील, तर त्या तीन महिन्यांतील किती दिवस योग्य दार शोधण्यात जातील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. यावरून एक व्यावहारिक धडा मिळतो. व्यक्तींची नावे, दूरध्वनी, शुल्काचे दर, अर्जाचे नमुने यांसारख्या वारंवार बदलणाऱ्या गोष्टी मुख्य मजकुरात कधीच घालू नयेत. त्या परिशिष्टात असाव्यात, म्हणजे मूळ पुस्तिकेला हात न लावता परिशिष्टाचे एक पान बदलता येते.

दुरुस्ती कशी करावी

जुन्या कचेऱ्यांत शुद्धिपत्रकाच्या चिठ्ठ्या कापून पुस्तिकेत खळीने चिकटविण्याची रीत होती. तिची आज थट्टा होते. परंतु त्या रीतीत एक गुण होता : चिठ्ठी चिकटविणाऱ्यास ती कोणत्या पानावर, कोणत्या परिच्छेदावर बसते हे शोधावेच लागे. आज परिपत्रक संकेतस्थळावर चढविले की काम संपले असे मानले जाते, आणि शोधण्याचा हा भार प्रत्येक वाचकावर स्वतंत्रपणे पडतो.

दोष परिपत्रकांच्या भाषेतही आहे. 'या विषयावरील यापूर्वीची सर्व परिपत्रके अधिक्रमित करण्यात येत आहेत' हे वाक्य आपण सारेच लिहितो. मीही लिहिले आहे. ते लिहिताना पूर्वीची परिपत्रके कोणती, हे पाहण्याचा त्रास वाचतो आणि तोच त्रास वाचणाऱ्यांना होतो. त्याऐवजी अधिक्रमित परिपत्रकांचे क्रमांक व दिनांक लिहावेत. आणि 'यामुळे नियमपुस्तिकेच्या अमुक प्रकरणातील अमुक परिच्छेद पुढीलप्रमाणे वाचावा' असे एक वाक्य जोडल्याशिवाय परिपत्रकावर स्वाक्षरीच होऊ नये. एवढी एक शिस्त पाळली, तर अद्ययावतीकरणाचे निम्मे काम परिपत्रक काढतानाच उरकते.

उरलेल्या कामासाठी दुरुस्ती-नोंदवही लागते. तीत दुरुस्तीचा अनुक्रमांक, मूळ आदेशाचा क्रमांक व दिनांक, ज्या प्राधिकरणाने मान्यता दिली त्याच्या बैठकीचा ठराव, बदललेला परिच्छेद आणि बदल अंमलात येण्याचा दिनांक हे सारे असावे. यांतील शेवटचा स्तंभ रिकामा राहतो असा अनुभव आहे, आणि वाद तर त्याच्यावरूनच उद्भवतात. ठराव जूनमध्ये, परिपत्रक ऑगस्टमध्ये आणि प्रवेश जुलैमध्ये, असे झाले तर त्या विद्यार्थ्यांना जुना नियम की नवा?

परिच्छेदांचे क्रमांक मात्र बदलू नयेत. मुंबई विद्यापीठाचे परीक्षाविषयक अध्यादेश ५०४२-अ, ५०४३-अ अशा क्रमांकांनी ओळखले जातात. सवलतीच्या गुणांचा प्रश्न निघाला की प्राध्यापक मंडळी नियमाचे नाव न घेता क्रमांकच घेतात. असा रुळलेला क्रमांक ही एक सोय असते. नवा मजकूर मध्ये घालावयाचा तर 'अ', 'ब' जोडावे, वगळलेल्या परिच्छेदाच्या जागी 'वगळला' असे लिहून क्रमांक तसाच ठेवावा. दिसायला ते ओबडधोबड दिसते, पण वीस वर्षांपूर्वीचे पत्र आजही लावून पाहता येते.

जुनी आवृत्ती रद्दीत घालण्याची चूक करू नये. पदवीच्या पडताळणीचे अर्ज पंचवीस-तीस वर्षांनंतरही येतात, आणि त्या काळी उत्तीर्ण होण्याचा नियम काय होता हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्या वर्षाची पुस्तिका. एका विद्यापीठातून दुसरे निघाले की हा प्रश्न दुपटीने येतो. पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये जळगावचे, मराठवाडा विद्यापीठातून १९९४ मध्ये नांदेडचे, शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूरचे आणि नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गडचिरोलीचे विद्यापीठ वेगळे झाले. त्या त्या जिल्ह्यातील जुन्या पदवीधरांचे नियम मातृविद्यापीठाच्या जुन्या पुस्तिकेतच सापडावयाचे. यास्तव प्रत्येक आवृत्तीची एक प्रत 'केवळ संदर्भासाठी' असा शिक्का मारून अभिलेख कक्षात ठेवावी, आणि वापरातील टेबलांवरून मात्र उरलेल्या सर्व प्रती आठवणीने परत घ्याव्यात. पहिली गोष्ट थोड्या ठिकाणी होते. दुसरी त्याहून थोड्या.

हे सारे ऐच्छिक आहे असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ खाली प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी दिल्या आहेत. कर्मचारी जे नियम, विनियम, सूचना, नियमपुस्तिका व अभिलेख वापरतात त्यांची माहिती ही त्यांतील पाचवी बाब, आणि हे प्रकाशन दरवर्षी अद्ययावत करावयाचे आहे. विद्यापीठ जसे या कलमाखाली येते, तशीच ग्रामपंचायतही येते. पंचायतीत १९५८ च्या अधिनियमाचे बदललेले नाव, २०११ ची लेखा संहिता आणि त्यानंतरचे शासन निर्णय एकत्र लावलेली स्थायी आदेश संचिका नसेल, तर ग्रामसभेत वाचून दाखविलेला नियम आजचा आहे की मागच्या सरपंचांच्या काळातला, हे सदस्यांनी ओळखावे कसे? सहा गठ्ठे पद्धतीत स्थायी आदेशांना स्वतंत्र गठ्ठा दिलेला आहे, तो याच कारणासाठी.

सर्वांत दुर्लक्षित जागा आहे ती बदलीची. पुस्तिका सांभाळणारा कक्षाधिकारी बदलून जातो तेव्हा पदभाराच्या यादीत कपाटे, किल्ल्या, शिक्के, संगणक यांची नोंद होते. त्या यादीत आणखी एक ओळ असावी : नियमपुस्तिका, प्रत एक, अमुक क्रमांकाच्या दुरुस्तीपर्यंत अद्ययावत. ज्या विभागात ही उत्तरपत्रिकेची घटना पाहिली, तेथे पुढे ही ओळ सुरू झाली. पहिल्या वेळी पदभार घेणाऱ्या बाईंनी ती वाचून दुरुस्त्या मोजून पाहिल्या, चार कमी निघाल्या, आणि त्या लावून मिळेपर्यंत त्यांनी यादीवर स्वाक्षरी केली नाही.