स्टेशनावरील एकटें मूल

दादर किंवा कल्याणच्या फलाटावर कधीं कधीं आठ-दहा वर्षांचें एखादें मूल बाकाच्या कडेला बसलेलें दिसतें. गाड्या येतात, गाड्या जातात. तें मात्र जागचें हलत नाहीं आणि त्याला न्यावयासही कोणी येत नाहीं. अशा मुलासाठीं आपण काय करावें?

घर सोडणारें मूल उनाडच असावयाचें, हा समज फार जुना आहे आणि बहुधा खोटा आहे. कोणी माराच्या भयानें निघतें, कोणी परीक्षेंत नापास झाल्यामुळें, कोणी घरांत अन्न नाहीं म्हणून. शहराचा मोह असतो, नाहीं असें नाहीं. परंतु केवळ मोहापायीं आईला सोडणारें मूल विरळा. पहिली रात्र सर्वांत धोक्याची. भुकेल्या मुलास चहा पाजून गोड बोलणारा पहिला मनुष्य सज्जनच असेल, असा भरंवसा कोणीं द्यावा?

म्हणून उशीर न करितां १०९८ या क्रमांकास फोन करावा. निराधार बालकांसाठीं ही सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली. ती अहोरात्र चालते व तिला पैसे पडत नाहींत. दहा, नऊ, आठ असें उलट मोजलें कीं आंकडा पाठ झाला! फोन नसेल तर रेल्वे पोलिसांस किंवा स्टेशन मास्तरांस सांगावें. मुलास परस्पर आपल्या घरीं नेऊं नये; हेतु चांगला असला तरी नेऊं नये. मदत येईपर्यंत लोकांच्या देखत त्याच्याजवळ थांबावें, पाणी द्यावें, आणि 'कां पळालास?' हा प्रश्न तूर्त विचारूं नये. त्याचें छायाचित्रही काढूं नये.

२०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें, हरवलेलें वा टाकलेलें दिसणारें मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आंत वर्दी देणें प्रत्येकास बंधनकारक आहे. न देणें हा गुन्हा आहे. प्रवासाचा वेळ वगळून तितक्याच अवधींत मुलाला बालकल्याण समितीपुढें आणावें लागतें. समिती त्याची राहण्याची सोय करिते, घरची चौकशी करिते, आणि घर सुरक्षित आहे अशी खात्री पटल्यावरच त्यास आईबापांच्या स्वाधीन करिते.

येथें पालकांस एक विनंति. परत आलेल्या मुलास दारांतच जाब विचारूं नये. आधीं जेवूं घालावें. ज्या भयानें तें गेलें तेंच भय उंबरठ्यावर उभें दिसलें, तर फलाटाची वाट त्यास आतां ठाऊक झालेली असते.