शब्दांना चाल, चालीला शब्द
(गायकवृंदासाठी व सर्व भाविकांसाठी अभ्यासपाठ)

वाचन : १ करिंथ १४:१५, कलस्सै ३:१६



रविवारच्या मिस्सामध्ये एखादे नवे गीत सुरू होते. पेटी छान वाजते, ढोलकीचा ठेका रंगतो, गायकवृंदही मनापासून गातो. पण बाकांवर बसलेले भाविक मात्र ओठ मिटून नुसते ऐकत राहतात. मग आपण म्हणतो, "लोकांना गायची आवडच नाही." पुष्कळदा दोष लोकांचा नसतो. गीताचे शब्द एकीकडे जातात, चाल दुसरीकडे जाते आणि साधा माणूस मध्येच अडखळतो. एकदा अडखळला की तो गप्प बसतो.

आपल्या धर्मग्रामात हौसेने गीते लिहिणारे काही जण आहेत. सणाला, हंगामाला, लग्नाला नवी गीते लागतातच. म्हणून शब्द आणि चाल यांची सांगड कशी घालावी, हे आज आपण थोडे शिकू या.

शब्द आधी की चाल आधी?

संत पौल करिंथकरांना सांगतो की आपण आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे. म्हणजे जे गातो ते समजले पाहिजे. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात याच गोष्टीचा विचार करतात. गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाण्याचा सूरच मनाला जास्त भुलवतो, तेव्हा आपले काही चुकते आहे असे त्यांना वाटते. तरीही चर्चमधले गायन बंद करावे असे ते म्हणत नाहीत, कारण गाण्यामुळे दुबळे मनही भक्तीकडे वळते हे त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या सहाव्या प्रकरणात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : गायनात सर्व लोकांनी भाग घ्यावा, प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा आणि गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्र व उपासनाविधी यांवर आधारलेले असावेत. थोडक्यात, चाल ही शब्दांची सेवक आहे. शब्द आधी लिहा किंवा चाल आधी बांधा, पण शेवटी ऐकणाऱ्याच्या कानावर शब्द धड पोहोचला पाहिजे.

आपल्या मातीतली शाळा

हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात काम करताना त्या ओव्या रचून गात. मुलगा सोपानदेव आणि घरातले लोक जमेल तसे टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांनी कागदावर कविता लिहून नंतर तिला चाल लावली नाही. शब्द आणि चाल दोन्ही एकाच वेळी तोंडून बाहेर पडले. जात्याची घरघर हाच ठेका होता. त्यांच्या पुष्कळ ओळी आठ अक्षरांच्या आहेत, एका श्वासात सहज बसणाऱ्या. भाषा तर घरातलीच, जिच्यात 'ळ' चा 'य' होतो. जीभ जसे बोलते तसेच गाते, म्हणून त्या ओळी एकदा ऐकल्या की पाठ होतात. आखाजीला झोक्यावर किंवा कानबाईच्या रोटांच्या वेळी आपल्या गावोगावच्या बायका जी गाणी म्हणतात, त्यांनाही कुणी शिकवणी लावलेली नसते. शब्द तोंडात बसतात म्हणूनच ती टिकली आहेत.

ख्रिस्ती लोकांनीही ही वाट पूर्वीच धरली होती. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी तारणाची कथा मराठीत सांगायची ठरवली तेव्हा युरोपातले वृत्त आणले नाही, आपली ओवी घेतली. १६१६ साली छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे राहून काम केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनांच्या रूपात ख्रिस्ती गीते लिहिली. ते प्रॉटेस्टंट परंपरेतले. पण ख्रिस्ती भक्ती मराठी चालीत कशी बसते, हे त्यांच्याकडून आपणही शिकावे.

अक्षरे मोजा

ओवी, अभंग यांत ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर हिशेब नसतो, अक्षरांची संख्या मोजतात. जोडाक्षर एकच धरतात. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. नवीन लिहिणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

समजा, पावसाने ओढ दिली आहे आणि आपल्याला पावसासाठी प्रार्थनागीत लिहायचे आहे. पहिल्या दोन ओळी अशा घेऊ :

रान सारे सुकलेले
पाणी खोल उतरले

दोन्हींत आठ-आठ अक्षरे आहेत. आता तिसरी ओळ लिहू : 'पाऊस देवा पाठव.' मोजा, आठच अक्षरे आहेत. कागदावर काहीच चूक नाही. पण गाऊन पाहा.

ठेका कुठे पडतो ते पाहा

आपली बहुतेक भजने केरव्यात किंवा भजनी ठेक्यात असतात. आठ मात्रा, त्यांचे चार-चारचे दोन भाग. पहिल्या मात्रेवर सम आणि पाचवीवर काल. म्हणजे ओळीला पाचव्या अक्षरावर पुन्हा एक ठसका बसतो. 'पाऊस देवा पाठव' ही ओळ ठेक्यात म्हटली की ती अशी तुटते : 'पाऊस दे – वा पाठव.' देवाचे नावच मधोमध चिरले जाते! 'रान सारे – सुकलेले' आणि 'पाणी खोल – उतरले' या ओळी मात्र शब्द संपतो तिथेच वळतात. म्हणून तिसरी ओळ बदलू :

देवा, आता दे पाऊस

'देवा, आता – दे पाऊस.' आता 'देवा' समेवर आला आणि मागणे कालावर आले. अर्थ तोच, अक्षरे तितकीच, पण गाणाऱ्याची अडचण गेली.

प्रत्येक ओळ चार-चारच तोडावी असा नियम नाही. आठ अक्षरे तीन-तीन-दोन किंवा दोन-तीन-तीन अशीही पडतात आणि फार गोड लागतात. मात्र शब्द जिथे तुटतो तिथेच चालीनेही वळण घेतले पाहिजे. शिवाय पहिले कडवे जसे तुटते तसेच बाकीची कडवीही तुटली पाहिजेत. पुष्कळ गीतांत पहिले कडवे छान जमते आणि दुसऱ्यापासून ओढाताण सुरू होते, ती यामुळेच.

श्वास कुठे घेणार?

चौथ्या ओळीला 'पाऊस'शी यमक हवे. सुचले : 'धीर नको हिरावूस.' अक्षरे आठ, यमक उत्तम, शब्दही कुठे चिरत नाही. पण मधल्या वळणावर थांबा : 'धीर नको…' ऐकणाऱ्याला वाटेल की आम्हाला धीरच नको! 'नको', 'नाही', 'विना' हे शब्द फार जपून ठेवावे लागतात. श्वासाची जागा त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे पडली की प्रार्थनेचा अर्थ उलटतो. मग ओळ अशी करू :

तगू दे रे हा कापूस

आता यमकही राहिले आणि आपल्या शेतातला कापूसही प्रार्थनेत आला. 'आम्हावर कृपा कर' असे नुसते म्हणण्यापेक्षा हे मागणे शेतकऱ्याच्या तोंडी जास्त शोभते. पूर्ण कडवे असे झाले :

रान सारे सुकलेले, पाणी खोल उतरले,
देवा, आता दे पाऊस, तगू दे रे हा कापूस.

लांब सूर कोणत्या अक्षरावर?

चालीत जिथे सूर लांबवायचा आहे तिथे 'आ', 'ए', 'ओ' असे मोकळे स्वर यावेत. 'कृपा' म्हणताना 'कृ' लांबवता येत नाही, 'पा' लांबवता येतो. 'मारिया' या नावात 'मा' किंवा 'या' लांबवावा. 'रि' ताणला की नाव ओळखू येत नाही. 'ख्रिस्त' हा शब्द घट्ट आहे, तो ठेक्यावर नीट उभा राहतो, पण लांब तान त्याला सोसत नाही. उंच पट्टीत 'इ' आणि 'उ' हे स्वर चिरके होतात, म्हणून वरच्या सुरावर 'आ'कार आला तर म्हाताऱ्या माणसांनाही गाता येते.

जे शब्द बदलता येत नाहीत

प्रवेशगीत, अर्पणगीत यांचे शब्द आपण नव्याने लिहू शकतो. पण दयायाचना, गौरवगीत, 'पवित्र, पवित्र' आणि देवाच्या कोकराची प्रार्थना हे उपासनाविधीचे ठरलेले शब्द आहेत. चालीत बसत नाही म्हणून त्यांत शब्द घालणे किंवा गाळणे योग्य नाही. तिथे वाकायचे असेल तर चालीने वाकावे. प्रतिसाद स्तोत्राचेही तसेच आहे. स्तोत्रांत यमक नसते, ओळी लहान-मोठ्या असतात. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे ओळ एकाच सुरावर बोलल्यासारखी म्हणत जावी आणि शेवटच्या तीन-चार अक्षरांवर तेवढा सूर वळवावा. मग ओळ कितीही लांब असली तरी चालते.

चित्रपटातील चालींविषयीही दोन शब्द. तयार चाल घेतली की काम सोपे होते हे खरे. पण चाल एकटी येत नाही, आपले जुने शब्द बरोबर घेऊन येते. ख्रिस्तप्रसाद घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात त्या वेळी पडद्यावरचे दृश्य उभे राहिले, तर आपल्या गीताने त्याला मदत केली की अडथळा केला? त्यापेक्षा आपल्या ओवीची, भजनाची चाल घ्यावी. ती कोणाला परकी वाटत नाही आणि प्रार्थनेपासून दूरही नेत नाही.

सरावासाठी

१. गीत लिहून झाले की आधी चालीशिवाय मोठ्याने वाचा. बोलताना अडखळलात तर गाताना नक्की अडखळाल.

२. टाळी वाजवत म्हणा. टाळी शब्दाच्या मधोमध पडते का ते पाहा.

३. श्वासाच्या प्रत्येक जागी थांबून तेवढेच शब्द ऐका. अर्थ उलटतो का?

४. धृपद आठ-दहा शब्दांपेक्षा मोठे करू नका. पुस्तक न पाहता लोकांना ते म्हणता यावे.

५. गायकवृंदाबाहेरच्या एखाद्या आजीला दोनदा ऐकवा. तिसऱ्या वेळी त्या बरोबर म्हणू लागल्या तर गीत तयार झाले. नाही म्हणू लागल्या तर आजींना नव्हे, ओळीला दुरुस्त करा.

६. शिकवणुकीच्या दृष्टीने शब्द बरोबर आहेत ना, हे मिस्सामध्ये गाण्यापूर्वी फादरांना दाखवा.

आपल्यापैकी कित्येकांना पुस्तकातल्या प्रार्थना पाठ नसतात, पण गीते पाठ असतात. आजारपणात, मरणाच्या दारात, घरी कोणी नसताना तीच ओठांवर येतात. अशा वेळी माणसाच्या तोंडी जो शब्द येणार आहे तो धड असावा, अर्थाचा असावा आणि त्याला एकट्याने म्हणता यावा, एवढ्यासाठीच ही सारी मेहनत करायची आहे.