पेटी माळ्यावर टाकण्याआधी

पालकहो,

"सर, पोट्टा आता दहावीत गेला, पेटी बंद!" शाळा सुरू झाली की मूर्तिजापुरात गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे पडतंच. त्यामागची तुमची काळजी मला कळते. दहावीचं वर्ष, पुढे अकोल्याचे क्लास, त्यांची फी, आणि कपाशी-सोयाबीनच्या भावाचा कुठलाच भरवसा नाही. तरीही पेटी माळ्यावर टाकण्याआधी थोडा वेळ बसून बोलूया. या वयातली मुलं संगीत कशामुळे धरून ठेवतात, हे आईबापांनी जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडमध्ये जेन डेव्हिडसन, जॉन स्लोबोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाद्य शिकणाऱ्या 257 मुलांचा अभ्यास केला. तो 1996 साली प्रसिद्ध झाला. जी मुलं पुढे गेली त्यांचे आईवडील स्वतः कलावंत असतीलच असं नव्हतं. पण मूल लहान असताना ते त्याच्या रियाजाजवळ बसत, गुरुजींना भेटून काय चाललंय ते विचारत. पुढे मूल आपणहून वाजवू लागलं तसे ते मागे सरले. ज्यांनी मध्येच सोडलं, त्यांच्या घरी उलटं घडलं होतं. सुरुवातीला कुणाचं फारसं लक्ष नव्हतं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तगादा वाढला. आपल्याकडेही तेच होतं. पाचवीतल्या मुलीचा भूप ऐकायला घरात कुणाला सवड नसते, आणि नववीत आपण तिच्या मागे लागतो, "परीक्षा दे, मार्क भेटतात."

मार्कांचं आधी सांगते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देत गेलं, तर शासनाच्या नियमाप्रमाणे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. ते जरूर घ्यावेत, मुलांचा तो हक्कच आहे. पण तेवढ्यासाठीच शिकलेलं मूल गुणपत्रिका हाती आली की थांबतं. त्याच्या दृष्टीनं काम झालेलं असतं.

सिडनीत गॅरी मॅकफर्सन यांनी 157 मुलांना वाद्य हाती घेण्याआधीच एक प्रश्न विचारला होता: तू हे किती दिवस वाजवशील? ज्यांनी मनाशी लांबचा पल्ला धरला होता, ती मुलं तेवढ्याच रियाजात इतरांपेक्षा पुढे गेली. कित्येक वर्षांनी, सोडलेल्यांना आणि टिकलेल्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा टिकण्यामागची कारणं साधी निघाली. आपल्याला हे जमतंय, आपण ते आपल्या मर्जीनं करतोय आणि सोबत आपली माणसं आहेत, असं वाटत होतं तोवर मुलं शिकत राहिली.

जमण्याबद्दल एक गोष्ट घरोघरी सांगावीशी वाटते, कारण मुलगे गाणं सोडतात ते पुष्कळदा इथेच. बाराव्या ते पंधराव्या वर्षांत मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. काल जो वरचा सा सहज लागायचा, तो आज चिरकतो. वर्गात हसू होतं, घरी भावंडं नक्कल करतात, आणि पोरगा ठरवून टाकतो की आपला गळा गेला. गळा कुठेही गेलेला नसतो. त्याची पट्टी खाली घ्यावी, मंद्र सप्तकातले स्वर हळूहळू लावू द्यावेत, ओरडून गायला लावू नये. काही महिने त्याला पेटीवर अलंकार वाजवू द्या, तबल्यावर केहरवा-दादरा धरू द्या. संगीतातला हात सुटला नाही की आवाज बसल्यावर तो परत गायला लागतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, फक्त तो इतका जाणवत नाही. हे सगळं तुम्ही त्याला आधीच सांगितलं असेल, तर निम्मी लाज तिथेच संपते.

मर्जीचं म्हणाल, तर त्याला दुर्गा रागासोबत सिनेमातलं गाणं बसवू द्या. मोबाइलवर ठेका लावून वाजवत असेल तर वाजवू द्या. अमरावतीचे कवी सुरेश भट लहानपणी पोलिओनं पायानं अधू झाले होते. मुलाची ओढ पाहून आईनं त्यांना बाजाची पेटी आणून दिली. पुढे त्यांच्या गझलेत शब्द आणि लय एकजीव झालेली आपण ऐकतोच. आईनं पेटी आणली तेव्हा तिच्यासमोर कुठली परीक्षा नव्हती, मुलाची ओढ होती.

आणि सोबत? ती तर वऱ्हाडात मागायचीही गरज नाही. गाडगेबाबा आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी वाढले. कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारून ते त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, ऐकणाऱ्याला नुसतं बसू देत नसत. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजनं उभी केली, आणि सामुदायिक प्रार्थना अजूनही कितीतरी गावांत होते. शाळेतल्या तासाला एकटीनं गायला घाबरणारी मुलगी तिथे चारचौघांत टाळ धरते, मग झील ओढते, आणि एक दिवस कुणीतरी तिच्यापुढे पेटी सरकवतो. शाळेत मात्र स्वागतगीतापुरती बोलावलेली मुलं त्यानंतर विखुरतात. वर्षभर एकत्र बसणारा चार-पाच जणांचा वाद्यवृंद असेल, तर दहावीतही ती शनिवारची वाट पाहतात. पालकसभेत मार्कांच्या जोडीला हेही मागा, पालकांनी मागितलं तर शाळा ऐकतात.

दहावीत मुलाला रोज तासभर जमणार नाही, मला मान्य आहे. वीस मिनिटं ठेवा, पण रोजची, आणि अभ्यास झाला नाही तर शिक्षा म्हणून ती काढून घेऊ नका. पुढचं आत्ताच बघून ठेवा. अकरावी-बारावीला कला शाखेत संगीत विषय घेता येतो. मात्र सगळ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत तो नसतो, तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. मुलं विज्ञान शाखेला गेली तरी गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, कॉलेज करता करता देता येतात. आणि आज रात्री जेवणं झाली की मुलाला एवढंच म्हणा, सध्या काय बसवतोयस ते ऐकव.