हातोडा पडण्याआधी

राहुरी-वांबोरीकडे लिलाव म्हटलं की डोळ्यांसमोर कांद्याच्या गोण्या येतात. पण आपल्या तालुक्यातून आणखीही बराच माल लिलावात जातो आणि त्याची आवक कुठल्याच बाजार समितीत लिहिली जात नाही. घंगाळं, समया, अडकित्ते, चांदीचे राणीछाप रुपये, पोथ्या. इथल्या माळ्यावरून भंगाराच्या दुकानात, तिथून पुण्याच्या जुन्या बाजारात आणि तिथून कधी कधी मुंबईच्या एखाद्या लिलावाच्या छापील यादीत. मला या वस्तूंचं वेड फार जुनं आहे. या नादात जे हाती लागलं ते मांडतो.

१. आधी घर लिहून घ्या, मग वस्तू पाहा.

मुळा धरणाच्या पाण्यात घरं गेली, पुढे वाटण्यांत वाडे पाडले गेले, आणि तांब्या-पितळेची मोड देऊन घरोघर स्टीलचे डबे आले. तरी गुहा, टाकळीमियाँ, ब्राह्मणी अशा गावांत अजून एखादा हंडा, पानाचा डबा माळ्यावर सापडतो. तो हाती आला की मी आधी काठ पाहतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची चाल आहे: देणाऱ्याचं नाव, मामाकडून की आत्याकडून, गाव आणि कधी कधी शकही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे शके १८३० चं घंगाळ १९०८ च्या सुमाराचं.

काठावर जे मावलं नाही ते घरातल्या आजीला ठाऊक असतं. कुणाच्या लग्नातलं, माहेराहून बैलगाडीत आलं की राहुरीच्या स्टेशनावर उतरलं, दुष्काळात गहाण पडलं होतं का, ते कुणी सोडवून आणलं. हे सगळं तिथंच बसून वहीत उतरवून घ्यावं. भंगारवाल्याच्या काट्यावर घंगाळ चढलं की त्याचं फक्त वजन उरतं. संग्राहक मात्र पैसे मोजतो ते या हकिकतीसाठी. कुठून आलं, कुणाकडे होतं, मधले हात कुठले, याची साखळी जितकी सलग तितकी किंमत वर जाते. मोठ्या लिलावगृहांत तर अनेकदा वस्तूइतकीच ही साखळी विकली जाते.

नाशिकचा हिरा हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाला तेव्हा कंपनी सरकारने तो नेला. १८३७ मध्ये लंडनच्या लिलावात तो विकला गेला, वेस्टमिन्स्टरच्या उमरावाकडे पोचला आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले. दोनदा नव्याने पैलू पाडून आज तो सुमारे ४३ कॅरटचा उरला आहे. हात बदलले, देश बदलले, आकारही बदलला, पण दोनशे वर्षांचा माग कागदावर लागतो. लुटीच्या मालाची इतकी चोख नोंद परक्यांनी ठेवली आणि घरच्या घंगाळाची आपण ठेवत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

२. चिंच, लिंबू, पितांबरी दूर ठेवा.

दिवाळीच्या आधी घासायची ती रोजची भांडी. जुन्या तांब्यावर चढलेला काळसर-तपकिरी थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो. नाणं घासून लखलखीत केलं की त्यावरची बारीक अक्षरं झिजतात आणि लिलावाच्या यादीत त्याच्यापुढे ‘साफ केलेलं’ असा शेरा पडतो. तो शेरा बहुतेक गिऱ्हाइकांना पुरतो. ते पुढच्या नाण्याकडे वळतात. माती लागली असेल तर साध्या पाण्यात ठेवून मऊ कापडाने टिपावी. त्याहून अधिक काही करू नये.

३. जुनं ते सगळं दुर्मिळ नसतं.

नांगराच्या तासात किंवा आजीच्या गाठोड्यात शिवराई सापडली की घरचे लाखाची स्वप्नं पाहू लागतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असं ते तांब्याचं नाणं. हातात घेतलं की ऊर भरून येतो, हे खरं. पण शिवराई महाराजांनंतरही कित्येक वर्षं पाडली जात होती. पेशवाईतल्या दुदांडी शिवराया तर आजही भरपूर मिळतात. अक्षरांचं वळण, नाण्याचं वजन आणि ठसा पाहिल्याशिवाय काळ ठरत नाही. राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा शिवराई होन मात्र खरोखर अतिदुर्मिळ आहे, आणि म्हणूनच बाजारात त्याच्या नकलांना तोटा नाही.

राणीछाप रुपयांचंही तसंच. १८६२ साल असलेला रुपया म्हणजे त्याच वर्षीचा, असं नव्हे. पुढची बरीच वर्षं टाकसाळीत तेच साल छापत राहिले. म्हणून तो सहज मिळतो. उलट १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. लोकांच्या भावनेमुळे बदललेलं हे नाणं मला सोन्याच्या मोहरेपेक्षा बोलकं वाटतं. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती संपलीच, निकेलचा रुपया आला. महायुद्धाने सरकारची तिजोरी कशी ओढली ते या तीन नाण्यांत हाताला कळतं.

आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं, १८१८ सालचं, रामदरबार किंवा मारुती असलेलं ‘नाणं’ कुणी आणलं तर त्याला नम्रपणे सांगावं की कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ‘जुन्या पाचच्या नाण्याला पाच लाख’ असे मोबाइलवर फिरणारे संदेशही तसलेच. आधी नोंदणीची फी मागतात आणि मग माणूस नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. खरा लिलावदार वस्तू पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाही.

४. पुकारलेली किंमत ही शेवटची किंमत नव्हे.

हातोडा पडला त्या बोलीवर लिलावगृहाची खरेदीदाराकडून घ्यायची दलाली चढते, त्यावर जीएसटी, मग विमा आणि वाहतूक. बोलीच्या आधी या सगळ्याची बेरीज करून आपला आकडा कागदावर लिहावा आणि त्याच्या पुढे जाऊ नये.

राज्य सरकारलाही हेच गणित मांडावं लागलं. २९ एप्रिल २०२५ ला लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली. मध्यस्थामार्फत सरकारने ती घेतली. वाहतूक, हाताळणी, विमा धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य उभं करणारा, बंगाल-ओडिशापर्यंत धडक मारणारा हा सेनासाहेब सुभा. त्याच्या तलवारीचं पातं युरोपी बनावटीचं, म्हणून ती ‘फिरंग’. सोन्याचं नक्षीकाम आपलं. १८१७ च्या सीताबर्डीच्या पराभवानंतरच्या लुटीत ती गेली असावी, असं मानतात. पण इतक्या तलवारींत ती ओळखता आली याचं कारण पात्यावर देवनागरीत कोरलेलं रघूजींचं नाव. घंगाळाच्या काठावर मामाचं नाव घालणारा तांबट आणि पात्यावर सरदाराचं नाव घालणारा कारागीर यांच्या कामात मला फरक दिसत नाही.

५. जमिनीतून निघालं ते लिलावाचं नव्हे.

हे मी शेतकरी मित्रांना हात जोडून सांगतो. आपल्याला लागून श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे झाडाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोहून अधिक. मोडीच्या भावाने त्या विकल्या असत्या तर एखाद्या मुशीत वितळून आज कुणाच्या तरी घरची घागर झाल्या असत्या. त्या वाचल्या. मग उत्खननं झाली आणि कित्येक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी आपल्या प्रवरेच्या खोऱ्यात अशी ओतकामं होती! काळाबद्दल वाद चालू आहेत. पण वस्तू समोर आहे म्हणून वाद तरी घालता येतो.

कायदाही स्पष्ट आहे. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ पासूनचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की खड्ड्यातून उचललेली मूर्ती जागेवेगळी झाली की निम्मी मुकी होते. किती खोलीवर होती, बाजूला कुठली खापरं होती, राख होती का, यावरून काळ ठरतो. काही निघालं तर हात थांबवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तहसील कार्यालयात कळवा.

६. पोथीचं शेवटचं पान आधी वाचा.

ताहाराबाद आपल्या तालुक्यात आहे. तिथे महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला. ज्या मातीत संतांची चरित्रं लिहिली गेली तिथल्या घरांत हस्तलिखित पोथ्या असणारच. शेवटच्या पानावर लेखकूचं नाव, शक, संवत्सर, तिथी आणि कधी कधी गावही असतं. शक आणि संवत्सराचं नाव पंचांगाशी जुळतं का ते पाहावं. जुळलं नाही तर काहीतरी घोटाळा आहे.

पोथी सुटी करून एकेक पान चौकटीत घालून विकतात, ते पाहून जीव तळमळतो. शेवटचं पान वेगळं झालं की बाकीची पानं निराधार. पुरावस्तू ठरायला हस्तलिखिताला कायद्यात पंचाहत्तर वर्षं पुरतात, हेही लक्षात ठेवा. मोडी दप्तर असेल तर विकायच्या आधी नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.

७. विकायचंच असेल तर.

घराची अडचण असते, वाटण्या असतात. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पण संच फोडू नका. पंचपाळं, पानाचा डबा, अडकित्ता एका घरचे असतील तर एकत्रच द्या आणि वहीतल्या नोंदीची प्रत सोबत जोडा. लिलावाला देताना राखीव किंमत लेखी ठरवा, म्हणजे तिच्याखाली वस्तू जाणार नाही. विक्रेत्याकडून किती टक्के कापणार, माल विकला नाही तर परत आणायचा खर्च कुणाचा, हे आधी विचारा. प्रत्येक वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो, वजन आणि मापं आपल्याजवळ ठेवा, आणि वस्तू ताब्यात देताना तिथेच सहीची पावती घ्या.