संगणकाला पाण्याचा थंडावा : आधी हिशेब, मग खरेदी

जळगाव-धुळ्याच्या बाजारात आज संगणकाशिवाय चालणारे धंदे थोडेच उरले आहेत. लग्नाच्या चित्रफिती जोडणारे, अल्बम तयार करणारे, फ्लेक्स छापणारे, भरतकामाच्या यंत्रासाठी नक्षी काढणारे असे आपले अनेक बांधव दिवसभर संगणकावर बसतात. यांचा कामाचा हंगाम आणि खानदेशचा उन्हाळा नेमका एकाच वेळी येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्याच दिवसांत लग्नाची कामे साचलेली असतात आणि दुपारी तीन वाजता संगणक मंदावतो किंवा चालू कामात बंद पडतो. मग कोणीतरी सल्ला देतो, "पाण्याचे कूलिंग बसवून घ्या." हा सल्ला कधी योग्य ठरतो, कधी पैसा वाया घालवणारा ठरतो आणि पहिल्यांदा असे काम करायचे झाल्यास आखणी कशी करावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

तत्त्व आपल्या ओळखीचे

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गॅरेजात ज्यांनी ट्रकचे रेडिएटर उघडले आहेत, त्यांना हे तत्त्व नव्याने शिकवायला नको. इंजिनाच्या जागी प्रोसेसर घ्या. त्यावर तांब्याची पोकळ पाटी बसते, तिला वॉटर ब्लॉक म्हणतात. छोटा पंप पाणी फिरवतो, पाणी पाटीतील उष्णता उचलून रेडिएटरमध्ये आणते आणि तिथे पंखे ती हवेत सोडतात. वाढीव पाण्यासाठी एक लहान टाकी असते. हौशी लोकांनी सुरुवातीला मोटारीच्या हीटरचीच जाळी संगणकाला लावली होती. मोठ्या यंत्रांतही ही रीत आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक द्रवानेच थंड ठेवला जातो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. दीपनगरच्या वीज केंद्राचे उंच मनोरे आपण रेल्वेतून पाहतो. तिथे पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो, म्हणून उरलेले पाणी भोवतालच्या कोरड्या हवेपेक्षाही थंड होऊ शकते. संगणकातील पाणी बंद नळीत फिरते, ते उडत नाही. म्हणून ते खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही. शिवाय उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त पेटीतून खोलीत येते. काचेचे दार लावलेल्या, खिडकी नसलेल्या दुकानात आधी हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. त्याशिवाय पाण्याच्या कूलिंगचा खर्च करू नये.

आधी बिनखर्चाचे उपाय

खरेदीपूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पेटी उघडून हीटसिंकमधील धूळ काढावी. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. आणि मदरबोर्डच्या बायोस सेटिंगमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करून पाहावी. उदाहरणार्थ, इंटेलचा कोअर आय-७ १२७००-के हा प्रोसेसर पूर्ण जोरात १९० वॅटपर्यंत खातो, तर त्याची मूळ मर्यादा १२५ वॅट आहे. १२५ वर बांधला तर वेग थोडा घटतो, पण उष्णता तिसऱ्या हिश्श्याने उतरते. त्यानंतर भर दुपारी, चित्रफीत तयार होत असताना, तापमान मोजून वहीत लिहावे. ते ८५ अंशांच्या आत राहत असेल तर पुढचा खर्च करू नये. जास्त असेल तर आधी चांगल्या मोठ्या हीटसिंकचा भाव विचारावा. पाण्याचा सुटा संच त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. मधला मार्ग म्हणजे कारखान्यात भरून सीलबंद केलेला तयार संच. तो उघडायचा नसतो आणि भरायचाही नसतो. एवढे पाहूनही ज्यांना सुटा संच हवा असेल, त्यांच्यासाठी पुढील आखणी आहे.

उष्णतेचा जमाखर्च

पहिला आकडा वॅटचा. वरील प्रोसेसरचे १९० धरा. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० असेल तर त्याचे १७०. एकूण ३६० वॅट झाले. आमचा सल्ला असा, की पहिल्या वेळी फक्त प्रोसेसर पाण्यावर घ्यावा. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक त्या कार्डाच्या नेमक्या पट्टीसाठीच बनलेला असतो. एकाच नावाच्या चिपची कार्डे निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या पट्टीवर बनवतात, त्यामुळे चुकीचा ब्लॉक गळ्यात पडतो.

दुसरा आकडा रेडिएटरचा. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतक्या रेडिएटरने साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकावी आणि पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंश वर राहावे, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे १९० वॅटला दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा रेडिएटर पुरतो. पण हा हिशेब थंड गावचा आहे. खोली ३० अंशांवर असेल तर पाणी ४० वर राहील. आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात खोलीच ४० वर असते, तिथे पाणी ५० वर जाईल. प्रोसेसरचा गाभा पाण्यापेक्षा आणखी ३० ते ४० अंश वर चालतो, म्हणजे तो ८० ते ९० वर आला. अशा अनेक प्रोसेसरची शेवटची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. पंप आणि मऊ नळ्या यांनाही ६० अंशांच्या वरचे पाणी मानवत नाही. म्हणून खानदेशात एक पंखा जादा धरावा. तीन पंख्यांचा ३६० चा रेडिएटर घेतला तर १० अंशांचा फरक सहा-सातवर येतो.

पाणी आधी कुठे जावे याबद्दल बरेच लोक वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर १९० वॅट उष्णतेने ते एका फेरीत एक अंशही तापत नाही. म्हणून क्रमाची चिंता सोडावी आणि नळी जिथून आखूड व सरळ जाईल तो मार्ग घ्यावा. एकच नियम अटळ आहे : टाकी पंपाच्या वर हवी, म्हणजे पंपाला सतत पाणी मिळेल. कोरडा चाललेला पंप लवकर खराब होतो.

माप घ्या, पुठ्ठा कापा

शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. इथेही तेच. ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात ४०० मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, कारण दोन्ही टोकांना पाण्याचे कप्पे असतात. जाडी सुमारे ३० आणि पंख्याची २५, म्हणजे ५५ मिलिमीटर जागा मोकळी हवी. त्या मापाचा पुठ्ठा कापून पेटीत धरून पाहावा. रॅम, वायरी किंवा झाकण आडवे येते का, ते तिथेच कळते.

मग कागदावर आकृती काढून जोड मोजावेत. ब्लॉकला दोन, रेडिएटरला दोन, पंप-टाकीच्या जोडसंचाला दोन, असे सहा जोड लागतात. सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढण्यासाठी एक तिकोनी जोड आणि तोटी घ्यावी. तोटी नसेल तर पुढे पाणी बदलताना पेटी उलटी करण्याची वेळ येते. आटे बहुतेक ठिकाणी जी १/४ मापाचे असतात. नळीचे आतले-बाहेरचे माप आणि जोडाचे माप एकच हवे. १०/१६ च्या नळीवर १०/१३ चा जोड बसत नाही. पहिल्या वेळी मऊ नळीच घ्यावी, दोन मीटर पुरते. ब्लॉक घेताना प्रोसेसरचा सॉकेट तपासावा.

धातू आणि पाणी

ही चूक सर्वांत महागात पडते. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे बॅटरीचाच प्रकार. त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, भोके पडतात आणि बारीक खाचा गाळाने भरतात. तांबे, पितळ आणि निकेल एवढेच धातू ठेवावेत. स्वस्त रेडिएटर घेताना तो कशाचा आहे, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

बोअरचे किंवा नळाचे पाणी वापरू नये. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, कूलरच्या जाळीवर जमणारा पांढरा थर ब्लॉकच्या खाचांतही बसेल. संगणकासाठी बनवलेला तयार द्रव घ्यावा, किंवा शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात गंज व शेवाळ रोखणारे औषध सांगितलेल्या प्रमाणात घालावे. बॅटरीच्या दुकानातून डबा आणताना तो पाण्याचाच आहे, ॲसिडचा नाही, याची खात्री करावी. भरण्यापूर्वी रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुवावा, आत जोडकामाचा कचरा असतो. बर्फाचे पाणी कधीही घालू नये, बाहेरून दव धरून बोर्ड भिजतो.

चाचणीत घाई नको

जोडणी झाल्यावर लगेच संगणक सुरू करू नये. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांचे सर्व वीजजोड काढावेत. वीजपुरवठ्याच्या पेटीला फक्त पंप जोडावा. पेटी बंद असताना २४ पिनांच्या जोडातील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी जोडली की पेटी मदरबोर्डशिवाय चालू होते. सगळ्या तारा काळ्या असतील तर अंदाजाने हात घालू नये, बाजारात यासाठी तयार जोड मिळतो. जोडांखाली कोरडे कागद ठेवून पंप २४ तास चालवावा. पेटी थोडी थोडी कलवून हवेचे बुडबुडे काढावेत आणि टाकीतील पातळी भरून घ्यावी. कागदावर एक थेंबही दिसला तर काम थांबवून तो जोड पुन्हा बसवावा.

रेडिएटर कारागीर हवा भरून, पाण्यात बुडवून गळती पाहतात. तीच रीत इथे चालते, पण दाब अर्ध्या बारपेक्षा जास्त नको. टायरच्या कॉम्प्रेसरने ब्लॉकची सील फाटते. शेवटी पंपाची वेग सांगणारी तार मदरबोर्डच्या पंखा-जोडावर लावावी व बायोसमध्ये इशारा चालू करावा, म्हणजे पंप थांबल्यास कळेल.

नंतरची देखभाल

उन्हाळ्यात रेडिएटरची धूळ महिन्यातून एकदा काढावी. द्रव वर्षातून एकदा बदलावा, आणि तो मार्च संपण्यापूर्वी बदललेला बरा. संगणक पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, त्या तुषारांतील क्षार बोर्डावर बसतात.

आपल्यापैकी जे रेडिएटरची आणि नळजोडणीची कला जाणतात, त्यांच्यासाठी यात एक छोटा धंदाही आहे. मात्र दुसऱ्याच्या यंत्रात पाणी घालताना गळतीचा धोका, वॉरंटीवर होणारा परिणाम आणि दरवर्षीचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा. त्याच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आहे का, हे विचारूनच स्क्रू सोडावा. यंत्र बिघडले तर नवे घेता येते, पण कोणाच्या निकाहची एकुलती एक चित्रफीत गेली तर ती परत मिळत नाही.