खालचा जबडा सरकला की चेहरा किती बदलतो?



वेडेवाकडे दात तारा लावून सरळ होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण खालचा जबडाच मागे राहिला किंवा फार पुढे वाढला, तर नुसत्या तारांनी भागत नाही. घास नीट चावता येत नाही. मग वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण १७-१८ वर्षांनंतर, शस्त्रक्रियेचा विचार होतो. पिनरकरांना हे लांबचं नाही. मेट्रोपोलिटन लाइनने तिसऱ्या स्टेशनवर, नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात जबड्याच्या शस्त्रक्रियांचा विभाग आहे. आमच्या भाच्याच्या निमित्ताने आम्ही हा विषय समजून घेतला, त्याचं सार देतो.

आज रूढ असलेली पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जननी १९५७ साली इंग्रजीत मांडली. तोंडाच्या आतून छेद घेऊन दोन्ही बाजूंचं हाड उभं चिरतात. मग काडेपेटीचा खण सरकावा तसा जबडा पुढे-मागे सरकवून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी बसवतात.

आता बाजूने दिसणारा चेहरा. जबडा पुढे आणला तर हनुवटी जवळजवळ तेवढीच पुढे येते, खालचा ओठ मात्र कमी. ओठाखालची खोल घडी उथळ होते, गळ्याची रेघ स्पष्ट दिसते. जबडा मागे नेला तर उलट. हनुवटीखाली थोडं भरल्यासारखं वाटतं. म्हणून काहींचा वरचा जबडाही हलवावा लागतो. फक्त खालचा जबडा हलवला तर नाक तेच राहतं, पण हनुवटी बदलल्यामुळे लहान-मोठं भासतं.

कॉम्प्युटरवर 'नंतरचा' चेहरा आधी दाखवतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले, म्हणून आवर्जून सांगतो: तो अंदाज आहे, वचन नव्हे. त्यामागे सरासरी प्रमाणं असतात. ओठांची जाडी, स्नायूंचा ताण ज्याचा त्याचा वेगळा. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण खरा चेहरा दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. काहींची बधिरता कायम राहते. हे सर्जनला आधीच नीट विचारा.

आणि घरच्यांनो, जरा जपून बोला. "अगं बाई, आजोबांची हनुवटी गेली की!" असं आमच्याकडे कुणीतरी सहज म्हणालं आणि पोरगं दिवसभर खोलीबाहेर आलं नाही. आरशातल्या नव्या चेहऱ्याची त्याला स्वतःलाच अजून सवय व्हायची असते. त्यापेक्षा मऊ वरणभात वाढा आणि विचारा, "घास आता नीट चावला जातो ना?"